ग्राफिक्सच्या कामासाठी डेस्कटॉप: प्रोसेसर कोणता घ्यावा?

शाईवाला

नमस्कार मंडळी,

सांगलीत आमचं छोटं डिझाइनचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, मार्च संपला की एखाद्या पतसंस्थेचा अहवाल. कोरलड्रॉ आणि फोटोशॉप दिवसभर उघडी असतात. संध्याकाळनंतर त्याच मशीनवर बायको बसते. ती इंटिरिअरची कामं करते, थ्रीडीएस मॅक्समध्ये.

मशीन सात वर्षांचं. चार कोअर, आठ थ्रेड, १६ जीबी रॅम, साधी हार्डडिस्क. मोठा फ्लेक्स सेव्हला टाकला की मी समोरच्या टपरीवर चहा पिऊन येतो, तरी पट्टी अर्ध्यातच असते. बायकोचं रेंडर (थ्रीडी सीनचं पक्कं चित्र बनवणं) तर रात्री लावून झोपायचं आणि सकाळी देवाचं नाव घेऊन स्क्रीन चालू करायची.

बजेट मॉनिटर सोडून पावणेदोन लाख. दुकानदार म्हणतो, डोळे झाकून इंटेलचा आय नाइन घ्या. भाचा म्हणतो, एएमडीच्या रायझन नाइनशिवाय बघूच नका. दोघेही आकडेच आकडे सांगतात. कुणी मराठीत सांगेल का?

उगाच

डोळे झाकून आय नाइन घेतलात तरी पैसे मोजताना उघडावेच लागतील.

(खुर्ची आणि शेंगदाणे घेऊन बसलो आहे. इंटेल विरुद्ध एएमडी म्हणजे शतकी धागा नक्की.)

खोडरबर

शाईवाले, घ्यायच्या आधी आठवडाभर एक काम करा. मशीन अडकलं की टास्क मॅनेजर उघडा आणि चार आकडे वहीत लिहा: प्रोसेसर किती टक्के, मेमरी किती, डिस्क किती, आणि तेव्हा नेमकं काय चाललं होतं.

प्रोसेसर १२-१३ टक्क्यांवर अडकलेला दिसला तर 'रिकामाच बसलाय की' असं समजू नका. तुमच्याकडे आठ थ्रेड आहेत, म्हणजे एका वेळी आठ कामं चालवता येतात. त्यातला एक पूर्ण जुंपलेला आणि सात बसलेले, म्हणजे एकूण साडेबारा टक्के. अशा कामाला सोळा कोअर आणलेत तर पंधरा बसून राहतील. तिथे एका कोअरचा वेग लागतो. सगळा शंभर टक्के असेल तर कोअर वाढवा. डिस्क शंभर टक्के असेल तर प्रोसेसरचा विषयच नाही.

फ्रेमड्रॉप

रायझनचा ९८००एक्स३डी. विषय संपला.

खोडरबर

@फ्रेमड्रॉप, संपला नाही. आठ कोअरवर बसवलेली ती जास्तीची कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) गेमला पावते. रेंडरमध्ये तिचा फारसा उपयोग नाही, त्याच पैशात जास्त कोअर येतात. शाईवाले फ्लेक्स करतात हो, गेम नाही खेळत.

फ्रेमड्रॉप

आज नाही खेळत. मशीन आल्यावर बघू.

ब्लेंडरभक्त

मंडळी २०१५ मध्ये अडकली आहेत. रेंडर आता ग्राफिक्स कार्डावर होतं. ब्लेंडरचं सायकल्स घ्या किंवा ल्युमियन, सगळी मेहनत कार्ड करतं. प्रोसेसर मधला घ्या, आठ कोअर भरपूर, उरलेला पैसा १६ जीबीच्या कार्डात घाला. माझं स्वतःचं मशीन असंच आहे आणि मी सुखी आहे.

एक लक्षात ठेवा, कार्डाचा वेग बघण्याआधी त्याची मेमरी बघा. सीन तिच्यात मावला नाही की एकतर काम रखडतं नाहीतर मेमरी संपल्याचा निरोप येतो.

प्लिंथ

ब्लेंडरभक्तांचं ब्लेंडरपुरतं बरोबर आहे. पण शाईवाल्यांच्या सौभाग्यवती मॅक्समध्ये रेंडर कशाने करतात हे कुणी विचारलंच नाही. मीही आर्किटेक्ट आहे. आमच्याकडे इंटिरिअरवाल्यांत कोरोना हे रेंडर इंजिन बरंच चालतं आणि कोरोना प्रोसेसरवरच रेंडर करतं. लाखाचं कार्ड लावलंत तरी ते व्ह्यूपोर्ट (सीन फिरवून बघायची खिडकी) फिरवून देईल, रेंडरला हात लावणार नाही. व्ही-रे दोन्हीवर चालतं. तेव्हा आधी इंजिनाचं नाव सांगा, मग बोलू.

उगाच

कोरोना अजून गेला नाही?

प्लिंथ

आमच्याकडे रोज रात्री असतो. पहाटे ताप उतरतो.

शाईवाला

बायकोला विचारलं. कोरोनाच आहे. "इतकी वर्षं शेजारी बसून हे माहीत नाही?" असंही ऐकून घेतलं.

मग कोअर जास्त, असंच ना? सोळा घेतले तर आठपेक्षा बरोब्बर दुप्पट वेगाने होणार का?

मनुकाका

नाही. यासाठी अमडालचा नियम आहे, १९६७ सालचा. पोळ्यांवर सांगतो, कारण शाळेत हे असंच सांगितलं की पोरांना कळायचं.

समजा एका माणसाला सगळ्या पोळ्या करायला १०० मिनिटं लागतात. त्यात १० मिनिटं कणीक मळायची, ती एकानेच मळायची. उरलेली ९० मिनिटं लाटणं-भाजणं, ते वाटून घेता येतं. आता आठ सुना बसवल्या: १० अधिक सव्वाअकरा, म्हणजे सव्वाएकवीस मिनिटं. सोळा बसवल्या: १० अधिक साडेपाचच्या थोडं वर, म्हणजे साडेपंधरा. सुना दुप्पट केल्या, पण वेळ निम्मा झाला नाही. आणि गावभरच्या सुना गोळा केल्या तरी दहा मिनिटांच्या खाली येणार नाही, कारण कणीक.

ताकपिठलं

काका, उदाहरण छान, पण सुनाच का? जावयांना लाटणं धरता येत नाही का?

मनुकाका

येतं. पण मग नकाशे होतात आणि पुन्हा ग्राफिक्सचाच विषय येतो. हलकं घ्या. यापुढे 'आठ माणसं' म्हणेन.

ताकपिठलं

माफ केलं. पण काका, सोळाजण लाटतील, तवे किती? तवा एकच असेल तर रांगच लागणार की.

बेंगळुरूचा_चिप्स

ताकपिठलं यांनी नकळत लाखमोलाचं विचारलं. मी चिप तपासण्याच्या धंद्यात आहे (खायचे वेफर्स नव्हेत). तवा म्हणजे मेमरी. रायझन ९ असो की इंटेलचा कोअर अल्ट्रा, डेस्कटॉपवर मेमरीचे चॅनल दोनच. कोअर सोळा असले तरी सगळे त्या दोन तव्यांवरच भाजणार. चार तवे पाहिजेत तर थ्रेडरिपर घ्या, पण त्याचा बोर्ड आणि रॅमच तुमचं बजेट खाऊन ढेकर देतील. रेंडर इंजिनांची कणीक सुदैवाने थोडी असते आणि बरंच काम कॅशमध्ये भागतं, म्हणून तिथे सोळा कोअर दुपटीच्या बरेच जवळ जातात. कोरलड्रॉ-फोटोशॉपमध्ये मात्र कणीकच जास्त.

आता इंटेलचं 'वीस कोअर' म्हणजे काय ते. कोअर अल्ट्रा ७ २६५के मध्ये आठ मोठे कोअर आणि बारा छोटे. हायपरथ्रेडिंग (एका कोअरचे दोन थ्रेड करायची सोय) काढून टाकलंय, म्हणून थ्रेडही वीसच. रायझन ९ ७९५०एक्स किंवा ९९५०एक्स मध्ये सोळाच, पण सगळे मोठे, आणि थ्रेड ३२. दुकानात 'वीस विरुद्ध सोळा' असा हिशोब मांडतील, तो मानू नका. घरात वीस माणसं आहेत म्हटलं तरी त्यात बारा पोरं असतात. पोरंही मटार सोलतात, हे खरं.

लग्नसराई

थोडं अवांतर, पण सांगलीच्या दुकानात उद्या लग्नाचे व्हिडिओही येतील म्हणून लिहितो. हल्लीचे बरेच कॅमेरे १० बिट ४:२:२ मध्ये एच २६५ (रंगांचा जास्त तपशील ठेवणारा व्हिडिओ) देतात. ती फाइल इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समधलं क्विक सिंक अकराव्या पिढीपासून सहज उघडतं. एनव्हिडियाच्या कार्डांना हे २०२५ च्या ५० मालिकेपासून जमायला लागलं. मी याच एका कारणासाठी इंटेल वापरतो आणि त्यावर वाद घालणार नाही.

नावाच्या शेवटी 'एफ' असलेला घेऊ नका. थोडा स्वस्त मिळतो, पण त्यात आतलं ग्राफिक्स बंद असतं, म्हणजे क्विक सिंकही गेलं. मी पहिल्यांदा तोच घेतला होता. हजार-दीड हजार वाचवले आणि सहा महिने प्रॉक्सी फाइली (मूळ व्हिडिओच्या हलक्या नकला) बनवत बसलो.

भाच्याचा_मामा

इंटेल घेणारच असाल आणि दुकानदार तेरावी-चौदावी पिढी गळ्यात मारत असेल, तर जरा थांबा. त्यातल्या वरच्या मॉडेलांना व्होल्टेजमुळे अस्थिरतेचा त्रास होता, इंटेलने २०२४ मध्ये ते मान्य केलं, ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ मायक्रोकोड (प्रोसेसरसाठी दुरुस्तीचं अपडेट) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. नवा बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) टाकून वापरणाऱ्यांचं नीट चाललंय. पण सेकंडहँड मिळतोय म्हणून घेऊ नका, आधीच्या मालकाने तो कुठल्या बायोसवर पिळलाय ते कोण सांगणार?

वैदर्भी

राजेहो, तुम्ही सगळे कोअर मोजून राहिले, ऊन कोणी मोजत नाही. मी चंद्रपूरचा. मे महिन्यात बाहेर ४६, खोलीत कुलर लावून ३५.

माझ्याकडे ७९५०एक्स आहे. खोक्यावर १७० वॅट लिहिलंय, पण सगळे कोअर जुंपले की बोर्डावरच्या त्याच्या सॉकेटमधून २३० पर्यंत ओढतो. ९५ अंशांना टेकला की तिथेच बसतो, तो त्याचा नेमच आहे, जळत नाही. पण खोलीचा भट्टा होतो. मग बायोसमध्ये इको मोड (वीज कमी ओढायची सेटिंग) १०५ वर टाकला, म्हणजे सॉकेटला १४२ वॅट. ४० मिनिटांचं रेंडर ४२ ला गेलं. दोन मिनिटांसाठी नव्वद वॅट! तेव्हापासून तो तसाच आहे, थंडीतही.

प्लिंथ

+१. इको मोडबद्दल शंभर टक्के सहमत. ज्यांना बायोसमध्ये हात घालायची भीती वाटते त्यांनी रायझन ९ ७९०० घ्यावा. बारा कोअर, ६५ वॅट, प्रोसेसरचा कुलर खोक्यातच येतो.

छापखाना

तीस वर्षं छपाईत आहे. धागा वाचला आणि कोअरबिअर काही कळलं नाही, पण एक शंका आली. शाईवाले, तुमचा नेहमीचा फ्लेक्स केवढा, आणि रिझोल्यूशन किती ठेवता?

शाईवाला

काका, २० बाय १० फूट नेहमीचा. रिझोल्यूशन ३००. पत्रिकेला ठेवतो तेवढंच.

छापखाना

अरे देवा.

वही काढा. २० फूट म्हणजे २४० इंच. गुणिले ३००, झाले ७२,००० पिक्सेल. उंचीला ३६,०००. गुणाकार केला तर २५९ कोटी पिक्सेल. सीएमवायकेत (छपाईचे चार रंग) प्रत्येकाला चार बाइट, म्हणजे नुसती एक सपाट लेअर दहा जीबीच्या वर. वर नेत्यांचे फोटो, कार्यकर्त्यांची रांग, सावल्या. तुमची रॅम १६. मशीन चालतंय हेच नवल! आणि पीएसडी (फोटोशॉपची नेहमीची फाइल) ३०,००० पिक्सेलच्या पुढे जातच नाही, म्हणजे तुम्ही पीएसबीत (तिचा मोठा भाऊ) सेव्ह करत असणार. करता ना?

तोच फ्लेक्स ७२ वर करा. १७,२८० बाय ८,६४०. लेअरला ६०० एमबी. फ्लेक्स चौकात वीस फुटांवरून बघतात, भिंग लावून नव्हे. पत्रिका हातात धरतात, तिला ३०० ठेवा.

शाईवाला

पीएसबीच करतो.

मागच्या वर्षी मुलगा ठेवला, त्याने पत्रिकेच्या फाइलवरूनच फ्लेक्सचं टेम्प्लेट बनवलं होतं. मी बघितलंच नाही. आत्ता ७२ करून सेव्ह केला. चहावाला विचारतोय, आज आला नाहीत?

उगाच

पावणेदोन लाख वाचले. छापखानाकाकांना त्यातले दहा टक्के द्या.

खोडरबर

वाखूसा (वाचनखूण साठवली). आणि वहीत लिहायचं बंद करू नका, बायकोच्या कामाची पानं अजून रिकामी आहेत.

हातोडी

जुनं मशीन उघडणार असाल तर सांगून ठेवतो. माझं रायझनचं पहिलं मशीन होतं, एएम ४ सॉकेटचं. प्रोसेसर आणि कुलरमधली पेस्ट बदलायला कुलर सरळ वर ओढला. पेस्ट वाळून डिंक झालेली. कुलरबरोबर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून वर आला, खाली केसासारखे शेकडो पाय, त्यातले कोपऱ्यातले सहा आडवे. शिसं काढलेली पेनपेन्सिल घेतली, तिचं तोंड एकेका पायावर चढवून हळूहळू उभे केले. दीड तास. श्वास रोखून. चालू झालं, पण चूक शंभर टक्के माझीच.

आधी दहा मिनिटं मशीन चालवून पेस्ट गरम होऊ द्या, बंद करा, मग कुलर डावी-उजवीकडे पिळत सोडवा. एएम ५ मध्ये पाय बोर्डावर असतात, तिथे प्रोसेसर बसवताना जपायचं.

एएम ५ च्या बाजूने आणखी एक. एएमडीने हा सॉकेट २०२७ पर्यंत आणि पुढेही चालवणार म्हणून सांगितलंय. माझ्या त्याच जुन्या बोर्डावर बायोस अपडेट करून मी नंतर रायझनचा ५७००एक्स चढवला. बोर्ड बदलला नाही.

शाईवाला

आठवड्याची वही देतो.

माझं काम: फ्लेक्स ७२ वर आल्यापासून प्रोसेसर कधीच अडला नाही. जिथे थांबतो तिथे डिस्क १०० टक्के. जुन्या हार्डडिस्कचाच खेळ.

बायकोचं काम: ती रेंडर लावते त्या क्षणापासून आठही थ्रेड १००, तासन्‌तास. मेमरी १६ पैकी १५.६.

म्हणजे प्रोसेसर तिला पाहिजे, मला नाही. आता सोळा कोअर, ६४ जीबी रॅम असं ठरतंय. १६च्या चार काड्या घेऊ का?

बेंगळुरूचा_चिप्स

चार नको, दोनच. डीडीआर ५ ला एएम ५ वर चार काड्या भरल्या की वेग पडतो. ७९५०एक्ससाठी एएमडीचा अधिकृत आकडा दोन काड्यांना ५२००, चार भरल्या तर ३६००. शिवाय बऱ्याचदा चालू होताना मेमरी जुळवत मिनिटभर काळी स्क्रीन, तुम्हाला वाटेल मशीन गेलं. ३२च्या दोन घ्या.

शाईवाला

३२च्या दोनचा भाव ऐकून आलो. मागच्या दिवाळीआधी भाच्याने जे कोटेशन आणलं होतं त्याच्या दुपटीच्या वर.

लग्नसराई

रॅम म्हणजे आता सोनं झालंय. डेटा सेंटरवाले सगळं उचलतात. आधी घेतलेले शहाणे.

बेंगळुरूचा_चिप्स

मग २४च्या दोन बघा. ४८ जीबी होतात. थ्रीडीच्या बऱ्याचशा सीनना पुरतं, आणि हिरवळ, पडदे, गालिचे यांची दाट कामं नेहमीची असतील तरच ६४ चा हट्ट धरा.

वैदर्भी

यूपीएस कोणता आहे भाऊ? ६०० व्हीए वाला असेल तर तो रेंडर सुरू झालं की कोंबड्यासारखा ओरडेल आणि लाइट गेली की सरळ मान टाकेल. ६०० व्हीए म्हणजे खरे वॅट साडेतीनशेच्या आसपास. प्रोसेसर, कार्ड, मॉनिटर मिळून त्याच्या पुढे जाता. रात्रभराच्या रेंडरला हजाराच्या वरचा ठेवा.

मनुकाका

आणि बिल जीएसटी नंबरवर घ्या. १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं, आणि कॉम्प्युटरवर आयकरात ४० टक्के घसारा. मशीन दोघांच्या कामाचं असेल तर कुणाच्या नावावर घ्यायचं ते आधी सीएला विचारा. (हेही गणितच.)

फ्रेमड्रॉप

एवढं सगळं झालं तरी कुणी ९८००एक्स३डी म्हणत नाही. असो.

शाईवाला

नमस्कार. मी सौ., ह्यांच्या आयडीवरून लिहितेय. दोन आठवड्यांपूर्वी मशीन आलं, ह्यांनी इथे सांगितलंच नाही, म्हणून मी.

७९५०एक्स घेतला. ९९५०एक्सच्या फरकात रॅम बसली. २४च्या दोन काड्या, एसएसडी, कार्ड साधं ८ जीबीचं, कारण प्लिंथ म्हणाल्या तसं ते फक्त व्ह्यूपोर्टला लागतं. मॅक्समध्ये जड सीन फिरवताना आता अडखळत नाही. जुन्या मशीनला ह्यांनी एक एसएसडी टाकली आणि फ्लेक्स त्यावरच करतात, तक्रार नाही.

एक दुरुस्ती. ह्यांनी वर लिहिलंय रेंडर रात्रभर चालायचं. माझं नेहमीचं हॉलचं दृश्य, सोफा-पडदे-झुंबरासह, सहा तास चाळीस मिनिटं लागायची, मी लिहून ठेवते. तेच आता सत्तावन्न मिनिटांत झालं. वैदर्भी यांचा इको मोड लावल्यावर एक तास. मी एक तासवालाच ठेवलाय.

पण आता एक नवीनच झालंय. पूर्वी गिऱ्हाइकाने सोफ्याचा रंग बदलायला सांगितला की "उद्या सकाळी दाखवते" म्हणायचे. परवा एकाने समोर बसून पाच रंग बदलून घेतले. चहा मीच पाजला.

एक विचारायचं होतं. मशीन बेडरूममध्ये आहे आणि कुलरचा आवाज रात्री येतो, विशेषतः रेंडर सुरू होताना एकदम चढतो, मग उतरतो, पुन्हा चढतो. सतत असता तर चाललं असतं. काही करता येईल का?

वैदर्भी

ताई, बायोसमध्ये फॅन कर्व्ह (तापमानाप्रमाणे पंख्याचा वेग ठरवणारी रेघ) बघा. ६० ते ८५ अंशांमध्ये रेघ सपाट करा आणि बदलाला पाच-सहा सेकंदांचा उशीर द्या, म्हणजे तापमान क्षणभर उसळलं तरी पंखा मागे धावत नाही.

शाईवाला

केलं. चढउतार गेला, आता एकसारखी घरघर येते. ह्यांच्या घोरण्यापेक्षा कमी आहे.